वजनकाट्यावर हॅम्लेट

प्रश्न : मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर रात्रपाळी करतो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आम्ही तिघं मित्र मोबाइलवर जुने काउबॉयचे चित्रपट बघतो. गेल्या महिन्यात ‘जॉनी हॅम्लेट’ नावाचा इटालियन चित्रपट बघितला आणि आमच्यात जुंपली. एक मित्र क्लिंट ईस्टवुडचा भक्त आहे. तो म्हणतो, या जातीच्या चित्रपटांत हा वरच्या रांगेतला. दुसरा इंग्रजीचे क्लास घेतो. तो म्हणतो, शेक्सपिअरची ही शुद्ध विटंबना आहे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पूर्ण पटत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी परत लावला तेव्हा आईनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अर्धा बघितला आणि म्हणाली, “सगळे त्या मेलेल्या बापाचं घेऊन बसलेत. त्या बाईला कुणी काही विचारलं का?” एवढ्या मोठ्या नाटकाचा असा वेष बदलणं योग्य आहे का? आणि आपल्याकडे असं कुणी केलं होतं का?
– एक वाचक, कळंबोली

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की मित्रांचं भांडण अर्धं मिटेल. हो, आपल्याकडे हे झालंय. इटलीच्या आधी पंच्याऐंशी वर्षं झालंय.

मानसरोवरहून सीएसएमटीची लोकल पकडलीत तर सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरी चालत गाठता येते. १८८२ साली तिथल्या तुरुंगात दोन तरुण संपादक होते, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघांची वयं सव्वीसच्या आसपास. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी घातलेल्या बदनामीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली होती. प्रत्यक्षात एकशे एक दिवस आत काढले आणि त्यावर आगरकरांनी पुढं पुस्तकच लिहिलं. त्याच दिवसांत आगरकर ‘हॅम्लेट’च्या मराठी भाषांतराला भिडले होते. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावानं छापून आलं.

तुम्ही पनवेल भागातले, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच १८८३ च्या फेब्रुवारीत तुमच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके एडनच्या कैदेत वारले. अन्याय डोळ्यांसमोर घडतोय, सत्ता अन्याय करणाऱ्याच्याच हातात आहे, अशा वेळी एकट्यानं काय करायचं? हा हॅम्लेटचा प्रश्न त्या पिढीला पुस्तकातला वाटला नसणार. फडक्यांनी त्याचं एक उत्तर दिलं होतं. आगरकर दुसरं शोधत होते.

आता बघा, आगरकरांनी काय केलं. डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला, ऑफेलियाची मलिका झाली. बाकी मूळ नाटकाच्या अंगाला त्यांनी फारसा धक्का लावला नाही. तेच अंक, तेच भूत, तोच खुनी काका, तोच शेवट. तुमच्या क्लासवाल्या मित्राला सांगा, मराठीत पहिल्यांदा हॅम्लेट आला तोच नाव बदलून आला. त्याच्याही आधी, १८६७ साली, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं होतं. पुढं १८९० च्या सुमारास गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. डेस्डिमोनाची कमळजा, कपटी इयागोचा जाधवराव. जाधवराव म्हटलं की प्रेक्षकाला मराठा सरदार डोळ्यांसमोर दिसतो, व्हेनिसची आठवण ठेवावी लागत नाही.

आणि हे पुस्तकापुरतं राहिलं नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळीनं चंद्रसेन रंगभूमीवर उभा केला. तो करायचे गणपतराव जोशी, राजापूरचे. त्यांना लोक महाराष्ट्राचे गॅरिक म्हणायचे. गॅरिक हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा गाजलेला नट. बाळाभाऊ जोग मलिका व्हायचे, कारण तेव्हा बाईची कामं पुरुषच करत. फर्ग्युसनमधले प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांच्यासारखी विद्वान मंडळी या नाटकांच्या पाठीशी होती. केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’चं ‘त्राटिका’ केलं. गावोगावच्या ज्या प्रेक्षकांनी गणपतरावांचा चंद्रसेन डोक्यावर घेतला, त्यातल्या बहुतेकांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. डेन्मार्क कुठं आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. बापाचा खून झालाय, आईनं खुन्याशीच लग्न केलंय आणि मुलाला रात्र रात्र झोप नाही, एवढं त्यांना कळत होतं. तेवढं पुरेसं होतं.

त्यात आणखी एक अवघड गोष्ट होती. आपल्या संस्कृत नाट्यपरंपरेला दुःखाचा शेवट मानवत नाही. भासाचं ‘ऊरुभंग’ सोडलं तर रंगमंचावर नायक मरत नाही. शेवटी भरतवाक्य, आशीर्वाद, सगळं मंगल. त्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकांनी मृतदेहांनी भरलेला शेवटचा प्रवेश पाहिला आणि पुन्हा पाहायला आले. मला हे मराठी प्रेक्षकाचं मोठेपण वाटतं. त्याला गोड शेवट करून द्यावा लागला नाही.

आता तुमचा चित्रपट. १९६८ सालचा. मूळ इटालियन नावाचा अर्थ ‘पश्चिमेतली ती घाणेरडी गोष्ट’ असा होतो. दिग्दर्शक एन्झो कास्तेलारी. कल्पनेशी सर्जिओ कोर्बुचीचं नाव जोडलेलं आहे. दोन वर्षं आधी ‘जँगो’ करून गाजलेला तोच कोर्बुची. नायक जॉनी हॅमिल्टन अमेरिकेच्या यादवी युद्धातून घरी परततो. बाप मेलेला. काका क्लॉडनं बापाची जागा घेतलेली आणि आईशी लग्न केलेलं. काका सांगतो, बापाला सांतानानं, म्हणजे एका मेक्सिकन दरोडेखोरानं मारलं आणि सांतानाला आपण संपवलं. पुढं कळतं, सांताना जिवंत आहे. होरेशिओचा इथं होरेस झालाय. ते काम गिल्बर्ट रोलंडनं केलंय. मेक्सिकोत जन्मलेला, मूकपटांच्या काळापासून पडद्यावर असलेला जुना नट. जॉनीवर पाळत ठेवणारे दोघे, रोझेनक्रान्झ आणि गिल्डनस्टर्न, नावं आखडून रॉस आणि गिल्ड झालेत.

तुम्ही बघितलाच आहे, म्हणून सुरुवात फक्त आठवून बघा. समुद्राचा किनारा, फिरती नाटक कंपनी, वाळूत उभा राहून एक नट ‘जगावं की मरावं’चं स्वगत घोकतोय. मूळ नाटकात नटांची टोळी मध्यावर राजवाड्यात येते आणि हॅम्लेट त्यांच्या खेळातून काकाला पकडतो. इथं ते नट दारातच उभे केलेत. दिग्दर्शक पहिल्याच मिनिटाला सांगतोय, मला माहितेय हे कुणाचं आहे. पुढं जमिनीखालच्या गुहेतलं ते कबरस्तान येतं. रंगीत अंधार आणि त्यात थडगी. काउबॉय चित्रपटात उजाड माळ, धूळ आणि लाकडी दुकानं बघायची सवय झालेल्या डोळ्यांना तिथं थांबावंच लागतं. तुमचा ईस्टवुडभक्त मित्र यासाठी या चित्रपटावर जीव टाकत असेल तर माझं त्याच्याशी जमेल. कॅमेरा गरागरा फिरतो, उलटा होतो, कुठल्या कुठं शिरतो. कास्तेलारीला ही हौस होती आणि तिचं इथं सोनं झालंय. फ्रान्चेस्को दे मासीचं संगीतही कान धरून ठेवतं.

या चित्रपटांच्या दर्दी लोकांत हा चित्रपट आवडणारे खूप आहेत आणि त्यांची बाजू मला पटते ती अशी. हे चित्रपट काही पवित्र वस्तू म्हणून बनत नव्हते. सर्जिओ लिओनेनं १९६४ साली जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ केला, न विचारता. त्यावरून जपानी कंपनीबरोबर कायद्याचं प्रकरण झालं, तरी चित्रपट तुफान चालला. मग दहा-बारा वर्षं इटलीत असे शेकडो चित्रपट निघाले. बरेच स्पेनच्या अल्मेरियातल्या ओसाड भागात चित्रित झाले. नट वेगवेगळ्या देशांचे, प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलणार, आवाज मागाहून भरणार. गोष्टींची भूक एवढी की जे हाताला लागेल ते घोड्यावर बसवायचे. १९६७ साली जानी पुच्चीनीनं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं. १९६९ साली फेर्दिनान्दो बाल्दीनं ग्रीक ओरेस्टिसची कथा मेक्सिकोत नेली. युद्धावरून परतलेल्या सेनापतीचा खून, बायको आणि तिचा प्रियकर खुनी, मुलगा मोठा होऊन सूड घेतो. म्हणजे हॅम्लेटचीच दोन हजार वर्षं थोरली भावकी. या घाईगर्दीतही एखादा दिग्दर्शक हॅम्लेटला एवढ्या प्रेमानं हात लावतो, याचं कौतुक केलंच पाहिजे.

एक गंमत सांगतो, तुमच्या दोन्ही मित्रांना एकदम ऐकवा. जर्मनीत हा चित्रपट हॅम्लेटच्या नावावर विकलाच गेला नाही. तिथं ‘जँगो’ची एवढी चलती होती की कुणाचाही चित्रपट जँगो म्हणून लावायचे. याचंही नाव ठेवलं, ‘जँगो – कबर खोदणारे केव्हाचे थांबलेत’. कबर खोदणारे हे हॅम्लेटच्या पाचव्या अंकातले. म्हणजे जर्मन वितरकानं राजपुत्राचं नाव पुसलं, पण शेक्सपिअरचे कबर खोदणारे तेवढे जाहिरातीत ठेवले.

आता विरोधातलं म्हणणं. ते मी हलकं घेत नाही. तुमचा क्लासवाला मित्र म्हणत असेल की हॅम्लेट म्हणजे न उचललेला हात. काका प्रार्थनेला बसलाय, पाठ वळलेली, तलवार हातात, आणि हॅम्लेट वार करत नाही. कारणं शोधतो. स्वतःला शिव्या घालतो. आणखी एक पुरावा हवा म्हणतो. हे काढून घेतलं की उरते सुडाची एक साधी गोष्ट, तशा शंभर आहेत. जॉनी हॅमिल्टन विचार करत बसणारा माणूस नाही. तो तपास करतो, मार खातो, गोळी झाडतो. मित्राचं हे म्हणणं खरं आहे.

मला त्यात वाईट एवढ्याचंच वाटतं की थांबणं या चित्रपटांना जमत नाही असं मुळीच नव्हतं. उलट थांबणं हेच त्यांचं बलस्थान होतं. लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ आठवा, तोही १९६८ चाच. तीन माणसं स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. टोपीवर पाणी ठिबकतंय, तोंडावर माशी बसलीय, पवनचक्की करकरतेय. दहा मिनिटं काही घडत नाही आणि आपण श्वास धरून बसतो. गोळी सुटण्याआधीची ती नजरानजर, हात कमरेपाशी, बोटं नुसती हलतायत. हॅम्लेटच्या मनातली घालमेल दाखवायला याच्यापेक्षा चांगलं हत्यार कुठलं मिळणार? एक अख्खा चित्रपट असा करता आला असता, ज्यात नायकाचा हात पिस्तुलापर्यंत जातो आणि परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा परत येतो. कास्तेलारीनं ते केलं नाही. त्याला वेगाची ओढ होती. माझी तक्रार इथं आहे. घोडा, टोपी, वाळवंट यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आणि शेवट. जॉनीला क्रूसावर टांगतात, हातांची दुर्दशा होते, पण तो जगतो आणि होरेसच्या सोबतीनं निघून जातो. मूळ नाटकात होरेशिओ एकटा मागं राहतो, मित्राची गोष्ट सांगायला. दर्दी लोकांत यावर कायम दोन तट पडतात. एकाला वाटतं, एवढं सोसल्यावर पोरगा वाचला ते बरं झालं. दुसऱ्याला वाटतं, शोकांतिकेचं पाणी झालं.

शेवट बदलण्याचं हे दुखणं आपल्याला नवीन नाही. ‘शोले’ या इटालियन चित्रपटांचाच भारतीय भाऊ. ठाकूरच्या घरातल्या माणसांची कत्तल बघताना लिओने आठवतोच. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांनी मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं ते नाकारलं आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला घेऊन गेले. १५ ऑगस्ट १९७५ पासून मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं लोकांनी तोच शेवट बघितला. पन्नास वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह इटलीतल्या बोलोन्या शहरात उघड्या चौकात दाखवली गेली. जिथून ते बियाणं आलं त्याच देशात. ठाकूरनं मारलेलं योग्य की पोलिसांनी नेलेलं योग्य, हा वाद अजून घराघरांत होतो आणि व्हायला हवा, कारण शेवट कसा होतो यावर सगळ्या गोष्टीचं वजन ठरतं.

वजन म्हटलं आणि तुमच्या कामाकडे आलो. काट्यावर गाडी कशी मोजतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच बाजारात माझ्या नात्यातला एक मुलगा काही वर्षं कामाला होता, तेव्हा मी रात्री दीडला त्याच्याबरोबर काट्याच्या खोलीत बसलेलो आहे. सळ्यांनी भरलेला ट्रेलर हळूच प्लेटवर चढतो, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो, आकडे थरथरत वर-खाली होतात आणि मग एका जागी थांबतात. ते भरलेलं वजन. माल उतरला की तीच गाडी रिकामी पुन्हा प्लेटवर. वजाबाकी केली की निव्वळ माल. पावतीवर तिन्ही आकडे, पण पैसे निव्वळ मालाचे. गाडी दहा चाकी की बावीस चाकी, रंग कुठला, मागं कुठलं वाक्य रंगवलंय, यानं मालाच्या आकड्यात फरक पडत नाही.

कथा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेली की मी हेच करून बघतो. टोपी-घोडा वजा करतो. पगडी-उपरणं वजा करतो. डेन्मार्कचा किल्लासुद्धा वजा करतो, कारण शेक्सपिअरसाठी तीही गाडीच होती. गोष्ट त्याच्याही आधीची, जुन्या डॅनिश आख्यायिकेतली. मग खाली जे राहतं ते तोलतो. आगरकरांनी तो आकडा नावातच लिहून ठेवला होता. विकारविलसित. विकारांनी मांडलेला खेळ. काम, लोभ, मत्सर, संताप, शंका, लाज. चंद्रसेनच्या गाडीत हा माल जवळपास पूर्ण पोचला. जॉनीच्या गाडीत संताप पोचला, लोभ पोचला, भीती पोचली. शंका वाटेत सांडली. म्हणून मला हा चित्रपट आवडतो आणि पुरत नाही. तुमचे दोन्ही मित्र एकाच पावतीवरचे वेगवेगळे आकडे वाचतायत.

आता आईंचा प्रश्न. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी निवडलं ते त्यांच्या त्या एका वाक्यासाठी. चारशे वर्षं विद्वान ज्याच्याशी झगडतायत ते त्या दारात उभं राहून बोलून गेल्या.

नाटकात हॅम्लेटची आई गर्ट्रूड सगळ्याच्या मध्यभागी आहे. तिच्या लग्नामुळं मुलगा पेटतो, तिच्यासाठी भूत येतं, मुलासाठी ठेवलेलं विष तीच पिते. आणि ती बोलते किती कमी! तिला नवऱ्याच्या खुनाची कल्पना होती का, हे शेक्सपिअर कुठंही स्पष्ट सांगत नाही. तिच्या खोलीतला तो प्रवेश आठवा. पडद्याआड लपलेल्या म्हाताऱ्याला हॅम्लेटनं नुकतंच भोसकलंय, प्रेत तिथंच पडलंय आणि मुलगा आईला बोल बोल बोलतोय. तेवढ्यात बापाचं भूत येतं. मुलाला ते दिसतं, आईला नाही. ती विचारते, तू कुणाशी बोलतोयस? तिच्यासमोर रिकामी हवा आहे. एकाच खोलीत, एकाच कुटुंबातली माणसं, आणि एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. मला संपूर्ण नाटकात याच्याइतकी एकाकी जागा दुसरी आठवत नाही. त्यात एकाकी हॅम्लेट नाही, आई आहे.

यात आगरकरांची एक गुंतागुंत मला नेहमी खुणावते. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा आणि आगरकरांचा जन्म, दोन्ही १८५६ च्या जुलैतले. हा माणूस पुढं केशवपनाविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध, विधवांच्या बाजूनं लिहिता लिहिता झिजला. पुण्यात १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्याच्या दहा वर्षं आधी याच आगरकरांनी मराठीत आणलेलं नाटक असं, की ज्यात विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून पोटचा मुलगा तिचा तिरस्कार करतो! शाहूनगरवासीचा खेळ बघायला बसलेल्या कितीजणांनी गर्ट्रूडला शिव्या घातल्या असतील आणि कितीजणींना आतून काही वेगळं वाटलं असेल. त्या बायका काय म्हणाल्या ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या आईंचं वाक्य वाचताना मला त्यांची आठवण झाली.

जॉनीच्या चित्रपटात फ्रान्स्वाझ प्रेव्हो ही चांगली फ्रेंच नटी आई झालीय, पण तिच्या वाट्याला चेहरा आला आणि प्रश्न आला नाही. सोन्याच्या मागं धावणाऱ्या पुरुषांच्या गर्दीत ती हरवून जाते. म्हणून आईंचा सूर बरोबर लागला.

याला उत्तर देणारी दोन रूपांतरं मला माहीत आहेत. पहिलं विशाल भारद्वाजचं ‘हैदर’, २०१४ सालचं, काश्मीरमध्ये घडणारं. तिथं नवरा मेला की बेपत्ता आहे हेच ठाऊक नसलेल्या बायकांना अर्ध्या विधवा म्हणतात. इथल्या हॅम्लेटची आई, तब्बूची गझाला, तशीच. दोन पुरुष तिला आपापल्या बाजूला ओढतायत आणि शेवटी निर्णय तीच घेते, स्वतःच्या अंगावर घेऊन. त्यातही मुलगा मरत नाही, जॉनीसारखाच वाचतो. पण वाचल्यावर त्याच्याकडे बघवत नाही. म्हणजे नायक जगला यात खोट नव्हती. सुटून जाताना तो हलका झाला का, हा प्रश्न. हैदर हलका होत नाही.

दुसरं तर आपल्या घरातलं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’, पहिला प्रयोग डिसेंबर १९७०, गोवा हिंदू असोसिएशन, श्रीराम लागू. ते ‘किंग लिअर’च्या वाटेवरून आलं. पण लिअरच्या नाटकात राणी नाही. तीन मुलींचा बाप आहे, त्यांची आई कुठं गेली कुणी विचारत नाही. शिरवाडकरांनी ती जागा भरली. गणपतराव बेलवलकर जिला ‘सरकार’ म्हणतात ती कावेरी त्यांनी शेजारी आणून बसवली. शांता जोगांनी ती उभी केली होती. समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये, हे कळणारी त्या घरात ती एकटी. ती गेल्यावरच तो म्हातारा खरा उघडा पडतो. आज कुणी ‘नटसम्राट’ बघून येताना लिअरचं रूपांतर बघितलं असं म्हणत नाही. माल इतका इथला झाला की गाडी कुठून आली हे विचारायचं सुचतच नाही.

तर मित्रांना म्हणावं, भांडत राहा, पण पुढच्या रात्रपाळीला ‘जॉनी हॅम्लेट’ पुन्हा लावण्याआधी ‘विकारविलसित’चे निदान पहिले दोन अंक मोठ्यानं वाचा. ग्रंथालयात मागितलंत तर कुठली तरी जुनी प्रत मिळेल. भाषा जड वाटेल, तरी आगरकरांची मराठी तोंडानं म्हटल्यावर मोकळी होते. ईस्टवुडच्या भक्ताला चंद्रसेन करू द्या, क्लासवाल्याला भूत. आणि आईंना ‘हैदर’ दाखवा. आधी सांगून ठेवा की रक्तपात आहे आणि शेवट फार अवघड आहे. दारात उभं राहून नको, खुर्ची देऊन बसवा. बघून झाल्यावर त्या काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं लिहून पाठवा.